जुन्या मोटारसायकलचं सीट कव्हर: आपल्या शिलाई मशीनवरचं नवं काम



आपल्या गटांच्या बैठकीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर येते. मशीन घेतलं, हप्ताही सुरू झाला, पण ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं काम लग्नसराईपुरतंच. एडवण, केळवे, सफाळे या पट्ट्यात शिवणाऱ्या ताई बऱ्याच आहेत आणि गिऱ्हाईक तेच. म्हणून या अंकातला धडा वेगळ्या कामाचा आहे: जुन्या मोटारसायकलचं सीट कव्हर बदलणं.

"ते पुरुषांचं काम," असं कोणी म्हणेल. पण बघा, यात मापं घेणं, कापणं, शिवणं हेच मुख्य आहे. ते तुम्हाला येतं. नवीन शिकायचं आहे ते फक्त सीट उघडणं आणि कव्हर ताणून बसवणं.

काम कुठे आहे?

आपल्याकडे अंगणात, पडवीत उभ्या असलेल्या जुन्या गाड्या आठवा. सासऱ्यांची राजदूत, कोणाची बुलेट, कोणाची येझदी, नाहीतर बजाज चेतक. बुलेट भारतात १९५५ पासून मद्रासला बनू लागली. जावा गाडी १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यात बनायची. तिचीच पुढे येझदी झाली, आणि तो कारखाना १९९६ ला बंद पडला. चेतक १९७२ ची, आपल्या पुण्याच्या आकुर्डीची. अशा गाडीचं इंजिन चालतं, पण सीट फाटलेली असते. समुद्राची खारी हवा, पावसाळ्याचं पाणी, वर मासळीचा डबा नाहीतर भाजीची पाटी. यात रेक्झिन किती टिकणार?

जुन्या गाडीचं तयार कव्हर सहज मिळत नाही, मिळालं तरी नीट बसत नाही. म्हणून मापाने शिवणारीला इथे जागा आहे. रोजच्या वापरातल्या नवीन गाड्यांचं कामही याच पद्धतीने होतं. बोईसर-तारापूरच्या कंपन्यांत कामाला जाणारे कितीतरी जण मोटारसायकलनेच जातात.

कामाच्या पायऱ्या

१. आधी फोटो काढा. सीट गाडीवर असताना चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो घ्या. चकचकीत पट्टी, धरायचा पट्टा, मागचं नाव कुठे होतं ते लक्षात राहतं. मग नट खोलून सीट काढा. नट-वायसर एका वाटीत ठेवा.

२. जुनं कव्हर सोडवा. जुन्या सीटखाली लोखंडी पत्रा असतो. त्याच्या कडेला दाते असतात, ते वाकवून कव्हर अडकवलेलं असतं. पेचकसाने दाते हळूच, लागेल तेवढेच उघडा. तोच दाता पुन्हा पुन्हा वाकवला तर तुटतो. नवीन गाड्यांना खाली प्लास्टिक आणि पिना असतात. त्या पक्कडीने उपटा, डोळ्यांना चष्मा लावा.

३. उसवायच्या आधी खुणा करा. कव्हरच्या मधोमध पुढून मागे खडूने रेघ ओढा. वरचा भाग आणि बाजूची पडदी जिथे जुळते तिथे आडव्या खुणा करा. पुढची बाजू लिहून ठेवा. मगच शिवण उसवा.

४. वर्तमानपत्रावर नमुना काढा. जुनं रेक्झिन ताणलेलं असतं, म्हणून ते जसंच्या तसं कापू नका. मधल्या रेघेवर दुमडा, जी बाजू कमी खराब तिचा नमुना काढा आणि कागद दुमडून दोन्ही बाजू सारख्या करा. शिवणीला १ सेंमी आणि खाली ओढायला ४ ते ५ सेंमी जास्त ठेवा.

५. पत्रा आणि फोम तपासा. हे गिऱ्हाईकाला दिसत नाही, पण काम टिकतं ते इथेच. गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साइड लावा, वर रंग द्या, पूर्ण वाळू द्या. भोक पडलं असेल तर आधी वेल्डिंगवाल्याकडून भरून घ्या. फोम ओला असेल तर सावलीत वाळवा. हाताने चुरा होत असेल तर बदला. नुसता खड्डा असेल तर वरून फोमची शीट सोल्यूशनने चिकटवा. काही जुन्या सीटमध्ये नारळाच्या काथ्याची गादी मिळते. ती चांगली असेल तर काढून टाकू नका.

६. रेक्झिन कापा. मागे विणलेलं कापड असलेलं रेक्झिन घ्या, ते ताणलं जातं. दोन्ही दिशांनी ओढून बघा. जी दिशा जास्त ताणते ती सीटच्या रुंदीला ठेवा, लांबीला नाही. टाचण्या लावू नका, भोकं कायमची राहतात. त्याऐवजी कपड्यांचे चिमटे लावा.

७. शिवा. सुई १६ किंवा १८ नंबरची. धागा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा. सुती धागा पावसात कुजतो. टाका मोठा, साडेतीन-चार मिमीचा. बारीक टाका घातला की रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं भोकाभोकांचं होतं आणि तिथेच फाटतं. पायपिंगसाठी त्याच रेक्झिनची पट्टी कापून आत दोरी घाला आणि अर्धा पाय वापरा. जिथे तीन-चार थर येतात तिथे मोटर बंद करून चाक हाताने फिरवा. मशीन नाहीच म्हणालं तर जबरदस्ती करू नका, तेवढी शिवण जाड कामाच्या मशीनवर करून आणा. शेवटी शिवण एका बाजूला दाबून वरून दुसरी टीप मारा.

८. बसवा. कव्हर पंधरा-वीस मिनिटं उन्हात ठेवा, मऊ पडतं. फोमवर पातळ प्लास्टिक घाला, म्हणजे सुईच्या भोकांतून शिरलेलं पाणी फोममध्ये जात नाही. आधी पुढचा मध्य अडकवा, मग मागचा. नंतर डावी-उजवी, डावी-उजवी असं समोरासमोर ओढत जा. कोपरे सगळ्यात शेवटी. तिथल्या चुण्या खालच्या बाजूला घ्या. एकच बाजू आधी पूर्ण केली तर शिवण तिरकी जाते. पिना मारायच्या असतील तर स्टेनलेसच्या घ्या, इथल्या हवेत साध्या पिना लवकर गंजतात. पत्र्याची पाणी निघायची भोकं झाकू नका.

बाईच्या सुरक्षेची एक गोष्ट

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ आपल्यासाठीच आहे असं समजा. मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायची सोय, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारी जाळी हवी, असं तो सांगतो. साडीचा पदर, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून ही जाळी असते. सीटवरचा धरायचा पट्टा कुजला असेल तर नवा शिवून द्या. जाळी काढून ठेवलेली दिसली तर गिऱ्हाईकाला जरूर बोला.

जुनं ते फेकू नका

जुनी गाडी म्हणजे घरातल्या कोणाची तरी आठवण असते. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदवता येते. त्यामुळे सीटचा आकार, शिवणीच्या रेघा, पट्टी, सगळं होतं तसंच ठेवा. जुनं कव्हर पिशवीत घालून मालकाला परत द्या. कंपनीचं नाव छापून "ओरिजिनल" म्हणून विकू नका. आपण शिवलेलं आहे, हे अभिमानाने सांगा.

पैसे किती घ्यायचे?

इथेच आपण मागे पडतो. खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या बाजारातले भाव घालून हिशोब पुन्हा करा.

रेक्झिन १ मीटर: ₹२६०
धागा, पायपिंगची दोरी: ₹४०
प्लास्टिक, पिना: ₹३०
सामान आणायचा प्रवास: ₹५०
मशीनची झीज: ₹२०
खर्च एकूण: ₹४००
मजुरी ४ तास, तासाला ₹७५: ₹३००
एकूण: ₹७००

त्यावर १० टक्के, म्हणजे ₹७०, पुढच्या सामानासाठी बाजूला. दर झाला ₹७७०. पत्रा घासून रंगवणं आणि नवीन फोम यांचे पैसे वेगळे, आणि ते आधीच सांगायचे.

आता समजा गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, ओळखीतलं आहे, चारशेत करा." चारशे हातात आले की कमाई झाल्यासारखं वाटतं. पण वरचा तक्ता बघा, चारशे तर खर्चच आहे. तुमचे चार तास फुकट गेले. कर्जाचा हप्ता त्या चारशेतून कसा भरणार? ओळखीत सूट द्यायची असेल तर मजुरीत थोडी द्या, पण किती दिली ते वहीत लिहा. पंचसूत्रीतलं हिशोब लेखन गटाच्या वहीपुरतं नाही, आपल्या धंद्यालाही तेच लागू आहे.

सामानासाठी निम्मे पैसे आगाऊ घ्या. गाडी नंबर, काय ठरलं, कधी द्यायचं हे लिहून घ्या.

सुरुवात कशी करायची?

पहिलं कव्हर घरच्याच गाडीचं करा. घरी गाडी नसेल तर गॅरेजमधून फाटकं टाकाऊ कव्हर मागून आणा आणि उसवून नमुना काढायचा सराव करा. दोघींनी मिळून काम घेतलं तर आणखी सोपं: एक शिवेल, एक सीट उघडून बसवेल. नंतर सफाळ्याच्या, पालघरच्या गॅरेजवाल्यांना नमुना दाखवा. त्यांच्याकडे गिऱ्हाईक रोज येतं.

अवजारांसाठी पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यात शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी ₹१५,००० पर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात ₹१ लाखापर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, म्हणून घरात आधी बोलून घ्या.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात फाटक्या सीटच्या किती गाड्या आहेत? येत्या आठवड्यात मोजून आणा.
२. गटातल्या कोणाच्या मशीनवर जाड रेक्झिन शिवलं जातं? एक तुकडा शिवून दाखवा.
३. ओळखीतल्या माणसाला पूर्ण दर कसा सांगायचा? दोघी उभ्या राहा, एक गिऱ्हाईक, एक शिवणारी, आणि सगळ्यांसमोर बोलून बघा. यातला तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, त्याला वेळ जास्त द्या.