केसपेपर वाचा, केसपेपर जपा



मी वॉर्डात नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. रात्रपाळी, पेशंट भरपूर आणि सिस्टर दोघीच. ऑपरेशन झालेल्या एका मुलीला मी पहाटे वेदनेचं इंजेक्शन दिलं आणि चार्टवर लिहायचं राहून गेलं. सकाळच्या सिस्टरनं पाहिलं तर रकाना मोकळा. ती दुसरं इंजेक्शन भरून आली. तेवढ्यात मुलीची आई म्हणाली, "बाई, आत्ताच दिलं की!" विड्या वळणारी, अक्षरओळख नसलेली ती माउली. तिच्यामुळं डबल डोस टळला. चूक माझी होती.

नर्सिंगला पहिल्याच वर्षी शिकवतात : जे लिहिलं नाही, ते केलंच नाही असं धरायचं. औषधाचं नाव, किती दिलं, तोंडानं की शिरेतून, तारीख, वेळ आणि सही. औषध द्यायच्या आधी लिहायचं नाही. दिल्यावर लगेच लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करायची, खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. पुढच्या पाळीची सिस्टर, डॉक्टर आणि वेळ आली तर कोर्टही याच कागदावर विसंबतं.

तथागतांनी आनंदासोबत आजारी भिक्खूची सेवा केली, तो प्रसंग विनयपिटकात आहे. तिथंच चांगल्या रुग्णाची लक्षणंही सांगितली आहेत. त्यातलं एक असं : दुखणं वाढलं, उतरलं की तसंच आहे, हे सेवा करणाऱ्याला जसंच्या तसं सांगणं. चार्टचं कामही तेच. म्हणून नोंद ही एकट्या सिस्टरची जबाबदारी नाही, आपलीही आहे.

घरी एवढं करा :

१. प्रत्येक माणसाची वेगळी पिशवी ठेवा. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, बाळाचं लसीचं कार्ड त्यातच.

२. ईसीजीचा कागद काही महिन्यांत पुसट होतो. लगेच झेरॉक्स काढा.

३. कुठल्या औषधानं अंगावर पुरळ आलं किंवा दम लागला, तर त्याचं नाव मोठ्या अक्षरात पहिल्या पानावर लिहा. दवाखान्यात गेल्यावर आधी तेच सांगा.

४. बीपी, शुगरच्या गोळ्यांची नावं वहीत लिहा. "पांढरी गोळी" सांगून डॉक्टरला काही कळत नाही.

५. कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा देऊ नका. आधी वाचून घ्या.

आता हक्काचं. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपावी लागतात. रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितल्यावर ती 72 तासांत द्यावी लागतात. मुंबई उच्च न्यायालयानंही 1996 साली हा हक्क मान्य केला आहे. तोंडी मागू नका. साधा अर्ज करा, दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. झेरॉक्सचा खर्च आपण द्यावा.

आपल्या माणसाचं काही बरंवाईट झालं की आपण रडतो, भांडतो, पण हातात कागद नसतो. मग ऐकून कोण घेणार?

येत्या रविवारी वंदनेनंतर घरातले कागद विहारात आणा. शिकलेल्या मुला-मुलींनी म्हाताऱ्या माणसांना ते वाचून दाखवावेत, पिशव्या लावून द्याव्यात. तासाभराचं काम आहे.