लातूरचे जुने स्थानक

एखादे स्थानक बंद पडले असे ऐकताच, त्या मार्गास उतारू मिळेनासे झाले असावेत, असा तर्क आमचे विद्यार्थी सहसा करतात. लातूरच्या जुन्या स्थानकाची हकीकत निराळी आहे, म्हणूनच ती आम्ही येथे देत आहो.

मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग बार्शीची पेठ एका अंगास टाकून कुर्डूवाडीवरून गेला. ही उणीव भरून काढण्यासाठी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नामक इंग्रज एंजिनियराने १८९७ साली कुर्डूवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. मोठ्या मार्गाचे रूळ साडेपाच फुटी असतात, हे वाचकांस ठाऊक असेलच. रूळ अरुंद असले म्हणजे वळणे तीव्र घेता येतात, भराव थोडा लागतो व पुष्कळ पैसा वाचतो. कॅल्थ्रॉपने याहून एक चतुराई केली. एंजिन असो, उतारूंचा डबा असो वा मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, असा नियम त्याने घातला. त्यामुळे हलके रूळ पुरले आणि वाघिणी मात्र लांब व भरपूर माल घेणाऱ्या झाल्या. आमच्या मते या मार्गाची सारी थोरवी या एका हिशेबात आहे.

१९११ साली हा मार्ग निजामाच्या राज्यातील लातुरास पोहोचला, व १९२७ साली दुसऱ्या टोकास मिरजेपर्यंत गेला. लातूरचे स्थानक गावातच होते. गंजगोलाई, जेथे सोळा रस्ते एकत्र मिळतात, तेथील व्यापाऱ्यांस ही केवढी सोय!

परंतु अरुंद रुळांनी जे वाचविले, त्यातील काही कुर्डूवाडीस परत द्यावे लागे. तेथे प्रत्येक पोते लहान वाघिणीतून उतरवून मोठीत चढवावे लागे. हमाली पडे, दिवस मोडे, धान्य सांडे. पुढे मोटारलॉरी थेट दुकानाच्या दारी येऊ लागली, तेव्हा व्यापारी तिकडे वळले यात नवल नाही.

१९५४ साली सरकारने हा मार्ग विकत घेतला. रूळ रुंद होण्यास मात्र अर्धशतक लोटले. नवी रेषा धाराशिव शहरावरून आखली गेली. २००७ साली धाराशिव-लातूर व २००८ साली कुर्डूवाडीपर्यंत ती खुली झाली. लातूरचे नवे स्थानक जुन्या वस्तीपासून दूर झाले व गावातले बंद पडले. पेठेतील लोकांस याची हळहळ वाटली असल्यास आम्ही त्यांस दोष देणार नाही.

तथापि २०१६ सालचा दुष्काळ आठवावा. त्या वर्षी १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातुरास आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. मिरज, पंढरपूर, कुर्डूवाडी, लातूर, मार्ग बहुतांशी जुनाच. वाघिणी मात्र राजस्थानातील कोट्याहून आणलेल्या होत्या; अडीच फुटी रुळांवर त्या चढल्याच नसत्या.