जुनेर

पालघर जिल्ह्यातील पाम हे गाव तारापूरच्या औद्योगिक वसाहतीजवळ आहे. या वसाहतीतील काही कारखान्यांत कापड तयार होते व रंगवले जाते. रंगाईला पुष्कळ पाणी लागते आणि ते पाणी शुद्ध केल्यावाचून सोडणे घातक ठरते. इतक्या सायासाने सिद्ध झालेले वस्त्र जुने झाले, म्हणजे त्याचे आयुष्य संपते काय?

महाराष्ट्रातील घराघरांनी याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. वापरून मऊ झालेल्या लुगड्याला ‘जुनेर’ म्हणतात. त्याची बाळासाठी दुपटी होतात; थरावर थर घालून गोधडी शिवली जाते. इतर जुने कपडे बोहारीण नेते व मोबदल्यात भांडे देते. एका पातेल्याला किती कपडे, यावर दारात बराच वेळ घासाघीस चालते. कारण तिची मिळकत त्या गाठोड्यावरच अवलंबून असते. पुढे हे कपडे धुऊन, दुरुस्त होऊन बाजारात येतात.

जुन्या वस्त्रांचे दुकान चालवणे दिसते तितके सोपे नाही. दुकानदार प्रत्येक कपडा उजेडासमोर धरतो, म्हणजे विरलेली जागा दिसते. गळा, काखा व शिवणी तो बोटांनी चाचपतो. दुकान जुन्या इमारतीत असेल, तर कोकणच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते व कपड्यांना बुरशी लागते. म्हणून कपाटे भिंतीपासून दूर ठेवावी लागतात आणि उघडीप मिळताच कपड्यांना वारा द्यावा लागतो. जरीच्या साड्या मलमलीत गुंडाळतात व त्यांच्या घड्या अधूनमधून बदलतात. घडी तीच राहिली, तर वस्त्र तेथेच चिरते.

या धंद्याचे खरे भांडवल मात्र विश्वास होय. नव्या कापडावर कारखान्याची छाप असते. जुन्यामागे केवळ दुकानदाराचा शब्द असतो. रफू केलेली जागा आपण होऊन दाखवणाऱ्या दुकानदाराला त्या दिवशी चार पैसे कमी मिळतात. पण ग्राहक पुन्हा त्याचीच पायरी चढतो.

अगदी जीर्ण कपड्यांच्या चिंध्या कारखान्यांत यंत्रे पुसण्यास उपयोगी पडतात. हरियाणातील पानिपत येथे जुने लोकरी कपडे पिंजून त्यांच्या सुताची ब्लँकेटे विणतात. कारखान्यातून निघालेले वस्त्र असे अनेकांच्या हातांतून पुन्हा कारखान्यात पोचते. त्या हातांनी राखले, म्हणूनच ते इतके टिकते.

स्वाध्याय
१. बोहारीण दारात घासाघीस का करते?
२. जरीच्या साड्यांच्या घड्या का बदलतात?
३. ‘या धंद्याचे खरे भांडवल विश्वास होय’, हे विधान स्पष्ट करा.