कादंबरी वाचून काय वाटले, ते लिहावे कसे?



यंदा वाचनालयाच्या तासाला नववी-दहावीच्या मुलांना एक साधे काम दिले होते. आवडीची एखादी कादंबरी वाचावी आणि ती वाचून आपल्याला काय वाटले, ते एक पानभर लिहून आणावे. भाषा मराठी, हिंदी, कोणतीही चालेल. वह्यांचा गठ्ठा मी घरी नेला. बहुतेकांनी पाऊण पान गोष्ट सांगितली होती आणि शेवटी 'या पुस्तकातून आपल्याला अमुक बोध मिळतो' असे एक वाक्य जोडले होते. मुलांना दोष कसा देऊ? धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे आम्हीच त्यांच्याकडून अशी घोकून घेतो.

नववीतल्या एका मुलीने मात्र साडेतीनच ओळी लिहिल्या होत्या. पुस्तक होते सुझन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेचे 'द हंगर गेम्स' (2008). तिने लिहिले होते, की धान्यासाठी जास्तीच्या चिठ्ठ्या टाकण्याची गोष्ट आली तिथे मी पुस्तक मिटले, कारण आमच्या घरीही महिनाअखेरीस आई डबे हलवून बघते. दोन दिवस उघडले नाही. पुढे काय झाले ते माहीत नाही, पुस्तक मॅडमकडे आहे.

ती मॅडम म्हणजे मी. पंधरा दिवसांपूर्वी एक पालक माझ्याकडे आले होते. मुलांनी मुलांना मारण्याची गोष्ट शाळेच्या वाचनालयात कशाला, असे त्यांचे म्हणणे. काळजी खोटी नव्हती. मी वर्गात जाऊन पुस्तक घेतले आणि कपाटात कुलूपबंद केले. एक पानही न वाचता.

वही वाचली त्या रात्री ते पुस्तक काढले. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे इंग्रजी कादंबरीला मला वेळ लागतो. पण ही चार रात्रींत संपली. कथा अशी, की पॅनेम नावाच्या देशाची राजधानी दरवर्षी बारा जिल्ह्यांतून प्रत्येकी एक मुलगा व एक मुलगी, वय 12 ते 18, अशी 24 मुले सोडतीने निवडते आणि शेवटचे एक उरेपर्यंत त्यांना एकमेकांशी लढवते. घराघरांत हे पाहणे सक्तीचे. बाराव्या वर्षी प्रत्येकाची एक चिठ्ठी पडते, पुढे दरवर्षी एक वाढते. पण घरात अन्न नसेल तर आणखी चिठ्ठी टाकून एका माणसाचे वर्षभराचे जेमतेम धान्य आणि तेल घेता येते. म्हणून सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या, तिचा मित्र गेल अठराचा, त्याच्या बेचाळीस. कॅटनिसच्या बारा वर्षांच्या बहिणीची, प्रिमची, एकच. आणि निघते नेमकी तीच. मग बहिणीच्या जागी कॅटनिस स्वतः पुढे होते.

मारामारी आहे, हे खरे. मला ती काही ठिकाणी नको झाली. पण माझी झोप उडाली ती त्या हिशेबाने. भूक जितकी जास्त, तितके मरण जवळ, आणि हे सगळे रीतसर, नियमाने. नववीतली मुलगी जिथे थांबली, तिथेच मीही थांबले. पुढे लहानगी रू मरते तेव्हा कॅटनिस तिला फुलांनी झाकते. ते पान मात्र मला वाचवले नाही, दुसऱ्या दिवशी वाचले.

आता लिहिण्याविषयी. 'मला काय वाटले' हे लिहायला फार मोठे शब्द लागत नाहीत. वाचताना आपण कुठे अडलो, कुठे हसलो, कुठे लेखकाशी भांडण झाले, ती जागा आधी शोधा. मग विचारा, इथेच का? उत्तर बहुधा पुस्तकात अर्धे आणि आपल्या घरात अर्धे सापडते.

भांडणाचे माझेच उदाहरण देते. 'हॅरी पॉटर'चा पहिला भाग (1997) मी मुलांच्या आग्रहाने वाचला. शेवटी स्लिदरिन गृहाचे 472 गुण, ग्रिफिंडोरचे 312. सजावटसुद्धा स्लिदरिनच्या रंगाची. आणि मुख्याध्यापक डम्बलडोर ऐन मेजवानीत रॉनला 50, हर्मायनीला 50, हॅरीला 60 गुण देतात. बरोबरी! मग नेव्हिलला 10. मुले टाळ्या वाजवतात. मला राग आला. आमच्या स्नेहसंमेलनात मी असे केले, तर दुसऱ्या दिवशी ट्रस्टी मंडळींसमोर उभी राहीन! पण ते शेवटचे दहा गुण नेव्हिलला मित्रांच्या विरोधात उभे राहिल्याबद्दल मिळतात. शत्रूशी लढणे सोपे, मित्राला अडवणे कठीण, हे मला पटले. राग आणि पटणे, दोन्ही लिहा. एकाने दुसरे खोडावे लागत नाही.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. मी आठवीत असताना 'चंद्रकांता' चोरून वाचली. देवकीनंदन खत्रींची ही कादंबरी 1888 ची. ऐयार, तिलिस्म, बेशुद्धीची पूड आणि शुद्धीवर आणणारा लखलखा! घरी अशी पुस्तके 'बिघडवणारी' समजली जात, म्हणून ती भूगोलाच्या पुस्तकात लपे. राजकन्या चंद्रकांता मला फारशी आवडली नाही, सारखी कोणी सोडवायची वाट बघणारी. मला व्हायचे होते चपला, तिची ऐयार मैत्रीण. हे त्या वेळी मी कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारलेच नाही. माझे हिंदी मात्र त्या पुस्तकानेच पळायला लागले.

मराठीत हेच काम 'फास्टर फेणे'ने केले. त्याचे लेखक भा. रा. भागवत यांचा जन्म 1910 चा, आपल्याच इंदूरचा. फुरसुंगीचा हा किडकिडीत बन्या वाचून मराठी सुधारली असे सांगणारे कितीतरी पालक मला भेटतात. तेही कधीकाळी अभ्यासाच्या पुस्तकाआडच वाचलेले असणार.

'हंगर गेम्स' परत वाचनालयात ठेवले आहे, आठवीच्या वरच्या मुलांसाठी. तक्रार केलेल्या पालकांना मी माझी वही वाचायला दिली आणि पुस्तकही. त्यांचे मत अजून बदललेले नाही. पण ते आता पान क्रमांक सांगून भांडतात, आणि असे भांडण मला चालते. पुढचे दोन भाग (2009 व 2010) मागवले आहेत. पहिला भाग सध्या त्या मुलीकडे आहे. तिचा झाल्यावर नाव नोंदवावे. नव्या प्रतिक्रिया महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे द्याव्यात. साडेतीन ओळींच्या असल्या तरी चालतील.