छत उघडणारे चौघे



काही वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या सणाला आम्ही एका माजी सैनिकाचा सत्कार ठेवला होता. मणक्याच्या दुखापतीमुळे ते कमरेखाली लुळे झाले आहेत. सभागृह पहिल्या मजल्यावर होते. चार तरुणांनी त्यांना व्हीलचेअरसकट उचलून वर नेले. शाल-श्रीफळ झाले, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्यांच्या पत्नी मात्र खाली, चपलांच्या ढिगाशेजारी एक पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. भाषणे लांबली. शेवटी त्यांनीच निरोप पाठवला, "फादर, त्यांची लघवीची पिशवी रिकामी करायची वेळ टळून गेली. आता घरी जाऊ द्या."

चूक आमचीच होती. मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात चौघांनी पक्षाघाती माणसाला उचलून आणले, गर्दीमुळे वाट मिळेना तेव्हा छत उघडले आणि त्याला प्रभू येशूसमोर सोडले. त्यांनी ते त्या माणसासाठी केले. आम्ही मात्र आमच्या कार्यक्रमासाठी उचलले. आजचा पाठ या फरकाविषयी आहे.

१. आपल्या जिल्ह्यातले जखमी जवान

जखमी सैनिकांच्या पुनर्वसनात पुणे जिल्ह्याचे स्थान मोठे आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या भारतीय जवानांना हातचे काम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. ते पुढे खडकीला आले. खडकीतच १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मणक्याच्या दुखापतीने हालचाल गमावलेले जवान तेथे राहतात, हातांनी काम करतात, व्हीलचेअरवर बसून खेळतात. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही नावे आपण अभिमानाने घेतो. परंतु अनेक जखमी जवान केंद्रात नसून आपल्या गावात, आपल्या घरी राहतात. तेथे केंद्रातले कर्मचारी नसतात. पत्नी असते, आई असते, कधी शाळेत जाणारा मुलगा असतो.

२. एका घरात दोन थकलेले जीव

मणक्याला इजा झालेल्या माणसाला शरीराच्या बधिर भागावर दाब आलेला कळत नाही. एकाच कुशीवर राहिला तर कातडी सडते, बेडसोअर होतो. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. त्याशिवाय लघवीची नळी, अंघोळ, खुर्चीतून खाटेवर आणि खाटेवरून खुर्चीत. हे सारे कोणीतरी वर्षानुवर्षे करत असते. ते माणूस सलग सहा तास केव्हा झोपले, हे त्याला आठवतही नसते.

सरकारने हे काही प्रमाणात ओळखले आहे. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या ज्या माजी सैनिकाला सतत सोबतीची गरज असल्याचे वैद्यकीय मंडळ ठरवते, त्याला निवृत्तिवेतनाबरोबर वेगळा भत्ता मिळतो. पैसा हवाच. पण पैशाला रात्री दोन वाजता उठता येत नाही.

संत इग्नेशियस लोयोला यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. १५२१ मध्ये पाम्पलोना येथे तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. घरी अनेक महिने खाटेवर पडून असताना त्यांनी ख्रिस्ताचे व संतांचे चरित्र वाचले आणि त्यांचे जीवन पालटले. त्या घरात त्यांची शुश्रूषा करणाऱ्या वहिनीचे नाव किती जणांना ठाऊक आहे? ते नाव माग्दालेना. ती पुस्तकेही तिच्याच घरातली.

३. सुट्टी कोणाची?

जखमी सैनिकांना सहलीला व विश्रांतीला नेण्याची सेवा नवी नाही. इंग्लंडमध्ये १९२० पासून नॉट फरगॉटन असोसिएशन ही संस्था हे काम करते. फ्रान्समधील लुर्ड्स येथे १९५८ पासून दरवर्षी निरनिराळ्या देशांच्या सैनिकांची यात्रा भरते, तीत आजारी व जखमी जवानही असतात. लुर्ड्सला आजाऱ्यांच्या गाड्या ओढण्याचे, त्यांना भरवण्याचे, त्यांच्यापाशी जागण्याचे काम स्वयंसेवक करतात. सोबत आलेल्या आईला किंवा पत्नीला त्यामुळे हात मोकळे ठेवून प्रार्थनेला बसता येते.

आपण हेच शिकायचे आहे. जवानाला गाडीत घालून निसर्गरम्य ठिकाणी नेले आणि पत्नीने तेथेही रात्रभर तेच केले, तेही अरुंद दाराच्या आणि उंच उंबऱ्याच्या खोलीत, तर ती सुट्टी नव्हे. ते तिचे रोजचेच काम, अधिक अवघड जागी. दान तपासताना आम्ही काय दिले, एवढे विचारून भागत नाही. घेणाऱ्याच्या खांद्यावरून काय उतरले, हे विचारावे लागते.

४. आपल्याला काय करता येईल?

शिरूर-दौंड परिसर अशा विश्रांतीला योग्य आहे. दौंड जंक्शनला पुण्याहून थेट रेल्वे आहे. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अपंग व्यक्तीला आणि तिच्या एका सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत मिळते. शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे. दौंडहून सोलापूरच्या दिशेने गेले की भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. तीन-चार दिवसांच्या मुक्कामाला आणखी काय हवे? पण आधी ही तयारी हवी:

• खोली तळमजल्यावर असावी. दार सुमारे तीन फूट रुंद हवे आणि संडासातही व्हीलचेअर वळायला हवी.
• पायरीच्या जागी उतार करावा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी. त्याहून उभा उतार धोक्याचा.
• रात्रपाळीची माणसे आधी ठरवावीत. आपल्या धर्मग्रामात परिचारिका आहेत, धडधाकट तरुण आहेत. त्यांनी महिनाभर आधी त्या घरी जावे, कूस कशी बदलायची व उचलायचे कसे हे त्या पत्नीकडूनच शिकावे. तिचा विश्वास बसला तरच ती निजेल.
• तिला काय हवे ते तिलाच विचारावे. कोणाला पक्षी पाहायचे असतील, कोणाला माहेरी जाऊन यायचे असेल, कोणाला नुसते झोपायचे असेल.
• सत्कार, बॅनर, फोटो नकोत.

गरजू कुटुंबांपर्यंत पोहोचण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेता येते. जात-धर्म विचारायचा नाही, हे सांगायची गरज नसावी.

५. दान की देणे?

१९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. आपण डब्यात पैसे टाकतो, छातीला छोटा ध्वज लावतो. ते करत राहावे. परंतु दयेपोटी दिलेले दान आणि फेडायचे देणे यांत भेद आहे. दान न दिले तर कोणी जाब विचारत नाही. देणे मात्र न दिल्यास थकत जाते. जवानाने आपले शरीर दिले आणि त्याच्या पत्नीने आपली झोप. शरीर आपल्याला परत देता येत नाही. झोप मात्र काही रात्री परत देता येते.

ज्या बाईंचा उल्लेख सुरुवातीला केला, त्यांना आम्ही नंतर घरी जाऊन भेटलो, क्षमा मागितली. त्या हसून म्हणाल्या, "फादर, पुढच्या वेळी कार्यक्रम खाली ठेवा, म्हणजे झालं." पुढच्या सणाला मांडव खाली अंगणात होता. दोघेही शेजारी शेजारी बसले होते आणि पिशवी एका तरुणाच्या हातात होती.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा कोण करते? आपण तिला नावाने ओळखतो का?
२. आपल्या घराचे दार, उंबरा आणि संडास पाहता व्हीलचेअरवरील पाहुणा आपल्याकडे राहू शकेल का?
३. महिन्यातून एक रात्र आपल्यापैकी कोण जागू शकेल? आपले नाव मिस्सानंतर कार्यालयात द्यावे.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू