उघडलेल्या पॅराशूटखाली

न्यू जर्सीतल्या मराठी विश्व या मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, मी सुट्टीच्या दिवशी विमानातून उड्या मारतो हे कुणाला कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पॅराशूट उघडलंच नाही तर? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. पाठीवर दोन पॅराशूट असतात, एक मुख्य आणि एक राखीव. राखीवची घडी अमेरिकेत परवानाधारक रिगरच घालू शकतो, आणि उडी मारायची तर ती घडी १८० दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. पहिलं बिघडलं तर ते सोडून दुसरं उघडायचा सराव पहिल्या दिवसापासून करून घेतात. पण मी पाहिलेला सगळ्यात भीषण अपघात पॅराशूट नीट, पूर्ण, एकही दोरी न गुंतता उघडल्यावर झाला. म्हणून इथल्या आपल्या मुलामुलींना मला सांगायचं आहे ते त्या उघडलेल्या कापडाबद्दल, म्हणजे कॅनॉपीबद्दल.

आम्ही पिस्कॅटवेचे काही जण मोसमात दक्षिणेकडे, पाइन बॅरन्सच्या कडेच्या एका ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, जातो. आमच्यातल्या एका मित्राचा तो दुसरा मोसम होता. ‘ए’ लायसन्स, म्हणजे किमान २५ उड्या आणि त्यासोबतच्या परीक्षा, हे सगळं त्याने पहिल्याच वर्षी पूर्ण केलं होतं. भाड्याच्या रिगचा, म्हणजे पाठीवरच्या सगळ्या संचाचा, त्याला कंटाळा आला होता. दर वेळी वेगळी रिग, पट्टे पुन्हा जुळवायचे, वर प्रत्येक उडीचं भाडं. खेळ सोडून चाललेल्या एकाने आपली पूर्ण रिग विकायला काढली. किंमत चांगली, कंटेनर, म्हणजे पॅराशूट भरायची पाठपिशवी, मित्राच्या अंगाला बसणारा, रंग झकास. मुख्य कॅनॉपी होती १५० चौरस फुटांची. भाड्याने तो २३० ची उडवत होता. विकणारा म्हणाला, आत्ता थोडी चपळ वाटेल, पण तू तिच्यात तयार होशील.

आपल्या घरांत मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात. यंदा बाह्या दुमडायच्या, पुढच्या वर्षी बरोबर बसतात. पॅराशूटच्या बाबतीत लोक नेमका हाच विचार उलटा करतात: आज लहान पडणारी कॅनॉपी घेऊ, कौशल्य वाढेल तसं जमेल. पण सदरा ढगळ झाला म्हणून कुणाचं हाड मोडत नाही. कॅनॉपी मात्र आजच्या उडीला आजच्या हातांनीच उतरवायची असते.

सुरुवातीच्या सगळ्या उड्या त्याला छान गेल्या, आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. त्या महिन्यांत दुपारी स्थिर वारा असायचा. वाऱ्याकडे तोंड करून उतरलं की जमिनीवरचा वेग कमी होतो आणि चुका झाकल्या जातात. सप्टेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी वारा पडला. विमानातून बाहेर पडायची जागा जरा लांबली होती. झाडांवरून परत येता येता त्याची उंची संपत आली. मैदानाच्या कडेला पोहोचला तेव्हा शेजारून दुसरी कॅनॉपी आडवी आली आणि त्याने एका बाजूचा टॉगल, म्हणजे कॅनॉपी वळवायची मूठ, जोरात खाली ओढला. कुणाचाही हात तेच करेल.

असं वळण घेतलं की कॅनॉपी डुबकी मारते, अंग लंबकासारखं बाहेर फेकलं जातं आणि पुन्हा सरळ व्हायला तिला उंची लागते. २३० ची कॅनॉपी त्याच ओढीला सावकाश वळली असती. १५० ची जमिनीत शिरली. मांडीचं हाड आणि कंबरेचं हाड, दोन्ही मोडली. हेलिकॉप्टर आलं. मी त्याचं हेल्मेट हातात धरून वहिनींना फोन लावला. त्या फोनवर मी काय बोललो ते मला आजही आठवत नाही.

आता आकड्यांकडे येतो, कारण कॅनॉपी आपल्याला लहान पडते का हे मोजता येतं आणि घेण्याआधी मोजता येतं. उडी मारतानाचं सगळं वजन पाउंडात घ्यायचं, म्हणजे तुम्ही, कपडे, बूट, हेल्मेट आणि पाठीवरची पूर्ण रिग. त्याला कॅनॉपीच्या चौरस फुटांनी भागायचं. येतं ते विंग लोडिंग. मित्राचं वजन ८२ किलो, म्हणजे साधारण १८० पाउंड. वर २५ पाउंड साहित्य धरलं की २०५. त्याला १५० ने भागलं तर १.३७. लायसन्स नुकतं मिळालेल्याने १.० च्या वर जाऊ नये हा इथला सर्वसाधारण सल्ला. त्याला हवी होती २१० च्या आसपासची. कॅनॉपी उडवायला शिकवणारे आणि स्वतः कॅनॉपी घडवणारे ब्रायन जर्मेन यांचा एक सोपा आडाखा आहे: पहिल्या शंभर उड्यांत १.० पर्यंत, पुढे दर शंभर उड्यांमागे फार तर ०.१ ची वाढ. या हिशेबाने १.३७ ला पोहोचायला चारशेहून जास्त उड्या लागतात. मित्राच्या शंभरही झाल्या नव्हत्या.

अमेरिकेत अशी खरेदी थांबवणारा कायदा नाही. राखीव पॅराशूटच्या घडीवर सरकारी नियम आहे, पण किती लहान कॅनॉपी घ्यायची यावर नाही. तिथे यूएसपीए या राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशी आहेत आणि ड्रॉप झोनचा स्वतःचा निर्णय आहे. फ्रान्समध्ये वजन आणि उड्यांची संख्या यांवरून किमान क्षेत्रफळ ठरवणारं कोष्टकच आहे. इथे ते कोष्टक आपण स्वतःच्या हाताने करायचं आणि दुसऱ्याला दाखवायचं. यूएसपीएशी संलग्न प्रत्येक ड्रॉप झोनवर सेफ्टी अँड ट्रेनिंग अ‍ॅडव्हायझर नेमलेला असतो. ज्याने तुमचं उतरणं चांगल्या-वाईट दोन्ही दिवशी पाहिलं आहे अशा माणसाला पैसे देण्याआधी विचारा. विकणाऱ्याचा सल्ला कितीही प्रेमाचा असला तरी तो विकणाऱ्याचा असतो.

किरकोळ बांध्याच्या मुलींना तर मी मुद्दाम थांबवून सांगतो. वजन ५२ किलो असेल तर साहित्यासकट १३७-१४० पाउंड होतं, आणि १३५ ची कॅनॉपी कागदावर १.० च्या जवळ, सुरक्षित दिसते. पण लहान कॅनॉपीच्या दोऱ्याही आखूड असतात. ती वळते झटक्यात आणि त्या वळणात उंचीही झपाट्याने जाते. भागाकार तोच आला तरी १३५ ची कॅनॉपी २१० सारखी वागत नाही. जर्मेन यांचा आडाखाही लहान आकारांसाठी मर्यादा खाली आणतो. हलक्या माणसाने १.० च्या बरंच खाली राहावं. जोराच्या वाऱ्यात मागे ढकललं जाण्याची भीती वाटते तेव्हा त्यावर उपाय आहे: त्या दिवशी उडी मारायची नाही.

आकाराइतकाच घाट महत्त्वाचा. पहिल्या कॅनॉपीसाठी चौकोनी किंवा किंचित निमुळत्या कडांची, सौम्य स्वभावाची घ्यावी. टोकांकडे फार निमुळती होत जाणारी कॅनॉपी त्याच आकारात कितीतरी तापट असते. एकाच क्षेत्रफळाच्या दोन कॅनॉपी म्हणजे दोन वेगळी यंत्रं आहेत, म्हणून फक्त आकडा ऐकून होकार देऊ नये.

आपल्या लोकांची एक विशेष अडचण आहे. आपण या खेळात बहुधा तिशीत-चाळिशीत येतो, नोकरी स्थिर झाल्यावर. पैसा हातात असतो, उड्या नसतात. नवी पूर्ण रिग घ्यायची तर कित्येक हजार डॉलर लागतात. ते आपण एका बोनसात उभे करतो, पण शंभर वेळा उतरण्याचा अनुभव कुठल्याच बोनसात मिळत नाही. शिवाय न्यू जर्सीचा हिवाळा. ‘ए’ लायसन्सवाल्याने ६० दिवस उडी मारली नसेल तर पुन्हा उजळणी करूनच उडावं, असं यूएसपीए सांगते. डिसेंबर ते मार्च मोजला तर आपल्यातला जवळजवळ प्रत्येक जण त्यात अडकतो. हिवाळ्यात लोक वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेलमध्ये) सराव करतात. चांगलं आहे, पण बोगदा अंग सावरायला शिकवतो, उतरायला नाही. बोगद्यात तरबेज झालेला माणूस एप्रिलमध्ये हवेत देखणा दिसतो आणि कॅनॉपीखाली ऑक्टोबरमध्ये होता तिथेच असतो, किंबहुना थोडा मागे.

कॅनॉपी लहान करायची वेळ आली हे कसं ओळखायचं? सध्याच्या कॅनॉपीवर खालच्या गोष्टी अंगवळणी पडल्या आहेत का ते पाहा. कमी उंचीवर डुबकी न मारता सपाट वळण घेता येतं का? उतरताना, फ्लेअर मारता मारता (दोन्ही टॉगल ओढून वेग मोडताना), समोर आलेलं माणूस चुकवता येतं का? वारा अजिबात नसताना, आडव्या वाऱ्यात, किंचित उतारावर उभ्याने उतरता येतं का? ठरवलेल्या जागेच्या दहा मीटरच्या आत पुन्हा पुन्हा येता येतं का? यांतली एखादी गोष्टही जमत नसेल तर ते आधी मोठ्या कॅनॉपीवर शिका. मित्राला सपाट वळण कुणी नीट शिकवलं नव्हतं. मोठ्या कॅनॉपीवर त्याला ते कधी लागलंच नव्हतं. ‘बी’ लायसन्ससाठी, म्हणजे ५० उड्यांच्या टप्प्यावर, कॅनॉपीचा वेगळा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो स्वतःची रिग घेण्याआधीच करा. आणि लहान करायचीच तर एका वेळी एकच पायरी उतरा.

राखीव कॅनॉपीवर लोक फार विचार करत नाहीत, कारण ती दिसत नाही. वापरलेली रिग घेताना मुख्य २१० ची आणि राखीव १४३ ची अशा जोड्या समोर येतात. राखीव ज्या क्षणी उघडते तो तुमचा सगळ्यात वाईट क्षण असतो: उंची कमी, मन हादरलेलं, कदाचित हात दुखावलेला, कदाचित शुद्धच नाही. त्या क्षणी लहान कॅनॉपी कुणाला हवी असेल? तिच्यावर वजनाची कमाल मर्यादा छापलेली असते, पण ती मर्यादा गाठणं हे ध्येय नव्हे.

जुनी रिग घ्यायला हरकत नाही, मीही जुनीच वापरतो. पण विकणाऱ्याने न निवडलेल्या, तुमच्या ओळखीच्या रिगरकडून ती पूर्ण उघडून तपासून घ्या. वापराने दोऱ्या आखडतात, सगळ्यात आधी टॉगलच्या. मग ब्रेक सोडलेले असूनही कॅनॉपी दाबलेल्या ब्रेकवर उडते आणि उतरताना विचित्र वागते. कंटेनरच्या मापापेक्षा मोठी कॅनॉपी कोंबली तर ओढताना अडकते. फार लहान भरली तर कंटेनर सैल राहतो आणि बंद करणारी पिन निसटण्याचा धोका वाढतो. हार्नेस ज्याच्या मापाने शिवला त्याचीच उंची आणि मांड्या त्याला माहीत असतात. घालून, लोंबकळून पाहा. राखीवचं हँडल नजरेला दिसतं का, हात सरळ जातो का?

आपोआप राखीव उघडणारं यंत्र घ्याच. जर्मनीतल्या एअरटेकचे हेल्मुट क्लोथ यांनी १९९१ साली सायप्रस नावाचं असं यंत्र बाजारात आणलं तेव्हापासून अशा यंत्रांनी कितीतरी जीव वाचवले आहेत. पण ते मुक्त पतनाचा वेग ओळखतं, साधारण ७५० फुटांवर. उघडलेल्या कॅनॉपीखाली चुकीच्या वळणाला ते काहीच करू शकत नाही. मुख्य पॅराशूट सोडून देण्यासाठीची तीन कड्यांची रचना शोधणारे बिल बूथ यांचं म्हणणं असं की साधनं जितकी सुरक्षित होतात तितकी माणसं जास्त धोका पत्करतात. मित्राच्या रिगमध्ये हे यंत्र होतं, चालू होतं.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: २०० उड्यांच्या आत हेल्मेटवर कॅमेरा नको, ही यूएसपीएची शिफारस आहे. घरच्यांना व्हिडिओ हवा असेल तर अनुभवी माणूस शेजारी उडून काढून देतो.

पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांचं नाव इथली मुलं नेहमी घेतात. त्यांची पहिली उडी १८ एप्रिल २००४ रोजी थेट उत्तर ध्रुवावर झाली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये थायलंडला त्या नऊवारी नेसून उडाल्या. मलाही त्यांचा मोठा अभिमान आहे. पण त्या नऊवारीच्या आधी चौदा वर्षांचा सराव होता. छायाचित्रात लुगडं दिसतं, ती चौदा वर्षं दिसत नाहीत. आपली पहिली वर्षं घालवायची ती मोठ्या, संथ, कुणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या कॅनॉपीखालीच.

मित्र चालायला लागला, पुढे उडायलाही लागला, भाड्याच्या मोठ्या कॅनॉपीवर आणि वहिनींच्या संमतीने. १५० ची रिग त्याने विकायला काढली तेव्हा पहिले दोन फोन आले ते नुकत्याच लायसन्स मिळालेल्या मुलांचे. एक जण पूर्ण किंमत द्यायला तयार होता. मित्राने दोघांनाही वजन आणि उड्या विचारल्या, भागाकार करून दाखवला आणि नाही म्हटलं. काही महिन्यांनी रिगरच्या ओळखीतल्या, हजारांवर उड्या झालेल्या एका बाईंनी ती नेली, बरेच कमी पैसे देऊन. त्या दोन मुलांपैकी एकाला तोवर आम्ही १९० ची शोधून दिली होती.