मोटारीचें मूळ कोठलें?

अंड्यासारखी वाटोळी, समोरूनच दार उघडणारी एखादी जुनी चिमुकली मोटार पुढें आली व तिच्यावर बी. एम. डब्ल्यू. ही मुद्रा दिसली, तर कोणीही तिला जर्मन म्हणेल. एंजिनही साक्ष देईल : जर्मन गाडीचें फोर-स्ट्रोक, प्रारंभीं २४७ घन सेंटिमीटरचें, इटालियन गाडीचें टू-स्ट्रोक, २३६ चें. तथापि एंजिनावरून गाडी कोठें घडली तें कळतें, कोठें जन्मली तें नव्हे. जन्म नांवांत दडला आहे. ‘इसेटा’ म्हणजे इटालियन भाषेंत ‘छोटी इसो’! शीतकपाटें बनविणाऱ्या इटलींतील इसो कंपनीनें ती १९५३ सालीं प्रथम लोकांपुढें आणिली, बी. एम. डब्ल्यू. नें परवाना घेऊन १९५५ पासून बनविली. यास्तव मुद्रा पाहावी, यंत्र तपासावें. परंतु नांवाचा अर्थ लावल्यावांचून निर्णय देऊं नये.